लोडरची पिन ग्रीस घेत नाही आणि बकेट उचलताना ‘कट्’ वाजतं, तेव्हा काय करायचं

दादा, तुमचा प्रश्न आधी सगळ्यांसाठी थोडक्यात मांडतो. शिरपूर तालुक्यात तुम्ही 45 एचपीचा जुना ट्रॅक्टर पुढच्या लोडरसकट घेतला. शेणखत भरायचं, मुरूम सारायचा, केळीची बाग मोडली की खांब उचलून बांधावर टाकायचे, ही त्याची कामं. भरलेली बकेट वर नेताना डाव्या अंगाला ‘कट्’ असा आवाज येतो. ग्रीस गन लावली तर दोन निप्पलं, म्हणजे सांध्यात ग्रीस भरायची बारीक तोंडं, ग्रीस घेतच नाहीत. एक आर्मच्या, म्हणजे बकेट उचलणाऱ्या लांब हाताच्या, मुळाशी, जिथं तो उभ्या ब्रॅकेटला जोडलाय, आणि दुसरं बकेटच्या सिलिंडरच्या टोकाला. एकानं सांगितलं, निप्पल काढा आणि भोकात जळकं ऑइल सोडा. दुसऱ्यानं सांगितलं, पिनला वेल्डिंगचा टाका मारा, आवाज जाईल. यातलं काय करू, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही करू नका. मी सव्वीस वर्षं अमळनेर, चोपडा, शिरपूर या पट्ट्यात हेच काम करतोय आणि या दोन सल्ल्यांनी खराब झालेले आर्म मी स्वतः कापून नव्यानं जोडलेत. जळकं ऑइल पातळ असतं. तासाभरात ते खाली गळून जातं, आणि त्यात इंजिनातली काजळी आणि धातूचा बारीक चुरा असतोच. म्हणजे पिनच्या सांध्यात आपणच हातानं पॉलिश पेपर सोडल्यासारखं होतं. टाक्याचं तर त्याहून वाईट. पिन म्हणजे सांध्यातला लोखंडी दांडा; तो बुशमध्ये, म्हणजे भोवती बसवलेल्या धातूच्या अस्तरात, फिरायला बनवलेला असतो. टाका मारून ती तिथं जखडली की फिरण्याची जागा बदलते; आता पिन बाहेरच्या कानांच्या, म्हणजे तिची टोकं धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या, भोकात फिरायला लागते. तिथं ना बुश, ना ग्रीस. बुश झिजला तर काही शेकड्यांचं काम असतं. कानाचं भोक लंबगोल झालं की लोडर खोलून वर्कशॉपला न्यावा लागतो.

आता ही पिन नेमकं काय सोसते ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. बकेटमध्ये 500 किलो ओला मुरूम आहे आणि तो आर्मच्या मूळ पिनपासून 2 मीटरवर आहे, असं धरा. उचलणारा सिलिंडर मात्र त्या पिनपासून साधारण 40 सेंटिमीटरच्या अंतरावरून रेटतो. तराजूचा हिशेब लावला तर 500 किलो उचलायला दोन्ही सिलिंडरांना मिळून 2,500 किलोचा जोर लावावा लागतो, आणि मुळाच्या दोन पिनांवर मिळून 2,000 किलोचा भार येतो. यात आर्मचं स्वतःचं वजन धरलेलं नाही. शेतात चाक खड्ड्यात आपटलं की क्षणभर हा भार कितीतरी वाढतो, तोही धरलेला नाही. एवढा सगळा भार पिनच्या अर्ध्या अंगावर, तळहाताएवढ्याही नसलेल्या जागेवर पडतो.

दुसरी गोष्ट. चाकाचं बेअरिंग भरभर फिरतं, त्यामुळे त्याच्यात तेलाचा थर आपोआप तयार होतो आणि लोखंडाला लोखंड लागत नाही. लोडरची पिन कधी पूर्ण फेरा घेतच नाही. थोडी पुढे, थोडी मागे, तीही हळूहळू, आणि भार नेहमी त्याच अंगावर. तिथं थर धरायला वेगच नसतो. म्हणून त्या भाराच्या अंगाला ग्रीस पोचवणं हे आपल्याच हातात असतं. तुम्ही किती पंप मारले याला फारसा अर्थ नाही. ग्रीस कुठून बाहेर आलं आणि कसं आलं, ते बघायचं.

माझे उस्ताद चिंधी घेऊन सांध्यावरचं बाहेर आलेलं ग्रीस बोटानं चोळून बघायचे. काळं पण गुळगुळीत असेल तर काही नाही. बोटाला कचकच लागली तर माती आत गेलीय. उन्हात धरल्यावर चंदेरी चमक दिसली तर लोखंड झिजतंय. तपकिरी, गंजाच्या रंगाचं आलं तर आत पाणी शिरलंय. मी आजही असंच बघतो. पाच पैसे खर्च न होता पिनची सगळी तब्येत कळते.

आपल्या खान्देशात या पिनांचे हाल जास्त होतात, त्याला कारणं आहेत. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या वर जातो. तेव्हा पातळ ग्रीस सैल होऊन ओघळतं आणि वावरातली बारीक धूळ त्याला चिकटते. पावसाळ्यात काळी माती चिखल होऊन सांध्याला थापली जाते, वाळली की विटेसारखी होते आणि त्यातला खर पिनच्या कडेनं आत सरकतो. तापी-गिरणाकाठची वाळू तर आणखी वाईट, तिचा कण कडक केलेल्या पिनलाही ओरखडा काढतो. शेणखत ओलं आणि क्षाराचं, त्यानं गंज धरतो. केळीचे खांब उचलणाऱ्यांनी एक मुद्दाम बघावं. खांबाचे धागे बकेटच्या पिनभोवती सुतळीसारखे गुंडाळले जातात, आणि ते धागे आतलं ग्रीस शोषून बाहेर ओढतात. आठवड्यातून एकदा वाकड्या तारेनं ते काढून टाका.

आता तुमच्या आवाजाकडे वळू. ‘कट्’ आवाज म्हणजे पिनच गेली, असं धरून चालू नका. निम्म्या वेळेला आवाज लोडरचा सांगाडा ट्रॅक्टरच्या चेसिसला जिथं बोल्टांनी आवळलाय तिथून येतो. जुन्या ट्रॅक्टरवर लोडर मागाहून बसवलेला असेल तर हे हमखास. बकेट जमिनीवर सपाट टेकवा, इंजिन बंद करा, चावी काढून खिशात घाला, हायड्रॉलिकची लिव्हर दोन-चारदा पुढे-मागे करून पाइपांतला दाब सोडा. मग एकजण पहार घालून आर्म हलवेल, दुसऱ्यानं पिन आणि कान यांच्या सांध्याच्या बाहेरच्या कडेवर बोट ठेवायचं. भोकात किंवा फटीत बोट घालायचं नाही, फक्त कडेवर टेकवायचं. ढिलाई डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला कळते. एकेका सांध्याला असं करा, आणि चेसिसच्या बोल्टांनाही करा. बोल्टाच्या बाजूला लाल-तपकिरी पूड दिसली तर तो बोल्ट हलतोय, हे नक्की समजा. तिथं पाना लावून आवळा, नट घासला गेला असेल तर बोल्ट-नट दोन्ही बदला, आणि मगच पिनकडे या.

उचललेल्या आर्मखाली जाऊन कधीही ग्रीस मारू नका. हा एकच नियम मी ओरडून सांगतो. होज पाइप फुटायला वेळ लागत नाही, आणि आर्म खाली यायला त्याहून कमी. वर ठेवूनच काम करावं लागलं तर सिलिंडरच्या दांड्यावर बसणारा लोखंडी आधार लावा. लाकडाची थुणी किंवा जॅक हा आधार नाही.

निप्पल ग्रीस घेत नाही, तेव्हा मी कसा पुढे जातो ते सांगतो. आधी निप्पल चिंधीनं पुसायचं. न पुसता गन लावली तर निप्पलच्या तोंडावरची माती आपणच हजारो पीएसआयच्या जोरानं पिनमध्ये कोंबतो. मग तीच गन शेजारच्या निप्पलवर लावायची. तिथंही ग्रीस कडेनंच गळत असेल तर गनच्या तोंडाचे जबडे झिजलेत किंवा गनमध्ये हवा धरलीय. हवा धरली असेल तर मागची दांडी ओढून सोडा, डोकं अर्धा आटा सैल करून दोन-चार पंप मारा, हवा निघून जाते. गन ठीक असेल तर ते निप्पल पान्यानं काढा आणि हातात धरून गनवर लावा. निप्पलच्या तोंडात स्प्रिंगवर बसलेली बारीक गोळी असते. ती गंजून अडकली असेल तर हातातही ग्रीस जाणार नाही. मग नवीन निप्पल, एका चहाच्या पैशात काम झालं. नवीन घेताना जुनं दुकानात घेऊन जा. 6, 8 आणि 10 मिलिमीटरची, एकअष्टमांश इंची पाइप आट्याची, पाव इंची बारीक आट्याची, अशी सगळी निप्पलं दिसायला सारखी असतात. दीड आटा गेल्यावर घट्ट लागलं तर जोर लावू नका. आटे वेगळे आहेत.

निप्पल चांगलं निघालं, म्हणजे रस्ता पुढं बंद आहे. इथं ट्रॅक्टरवर दोन प्रकार दिसतात. एकात निप्पल बाहेरच्या नळीवर बसतं आणि ग्रीस बुशच्या भोकातून पिनपर्यंत जातं. दुसऱ्यात निप्पल पिनच्या डोक्यात असतं, पिनला डोक्यापासून मध्यापर्यंत लांबीत आणि मग तिथून आडवं भोक असतं. दोन्हीकडे जुनं ग्रीस सुकून साबणाच्या वडीसारखं घट्ट होतं. मऊ तारेनं भोक मोकळं करा, डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी बकेट रिकामी ठेवून आर्म दहा-पंधरा वेळा वर-खाली करा, पुन्हा खाली टेकवा, मग गन लावा. माझ्याकडे येणाऱ्या दहातली सहा-सात कामं इथंच संपतात.

दिवसाच्या उन्हात सांधा तापलेला असताना गन लावली तर आणखी सोपं जातं. भोकात डिझेल भरून वर दांडा घालून हातोड्यानं ठोकायची एक युक्ती आहे, तीही चालते. पण डोळ्यांना चष्मा आणि भोकाच्या रेषेत कोणी उभं नाही, या दोन गोष्टी आधी.

इथं एक प्रसंग सांगतो, कारण तुमच्या आर्मच्या मुळाच्या पिनचं मला तेच वाटतंय. यावलकडे एका केळी बागायतदाराच्या मळ्यावर मला बोलावलं होतं. त्यांनी तीनच महिन्यांपूर्वी एका ठिकाणाहून चारही बुश नवे बसवून घेतले होते. तरी एक बाजू ग्रीस घेत नव्हती. दुपारची वेळ होती, त्यांचा गडी घाम पुसत म्हणाला, “ग्रीस जास नही भाऊ, काय व्हयनं कोण जाणे.” निप्पल काढलं, तार घातली. तार नळीच्या जाडीइतकी, आठ-दहा मिलिमीटर आत गेली आणि टक्कन थांबली. सुकलेल्या ग्रीसला तार लागली की रुतते. ही मात्र लोखंडावर लागल्यासारखी वाजली. संध्याकाळपर्यंत पिन बाहेर काढली. नव्या बुशला भोकच पाडलेलं नव्हतं. निप्पलसमोर अख्खी भिंत होती. तीन महिने ते भाऊ रोज सकाळी मनापासून गन लावत होते आणि एक थेंबही आत गेला नव्हता.

ती पिन मी त्यांच्या हातात दिली. वरच्या अंगाला ती नव्यासारखी होती. खालच्या अंगाला मात्र नखानं कोरावा तसा अर्धचंद्र पडलेला. मधला भाग निळा-जांभळा पडला होता, म्हणजे तिथं लोखंड कोरडं घासून तापलं होतं. पिन बोटांत फिरवली की ती कडा नखाला अडकायची. ते भाऊ बराच वेळ ती पिन फिरवत उभे राहिले.

म्हणून तुम्ही आधी तार घालून बघा. तार रुतली तर सुकलेलं ग्रीस. टक्कन वाजली तर बुश फिरून भोक सरकलंय किंवा भोक पाडलेलंच नाही. दुसऱ्या बाबतीत पिन काढण्यावाचून इलाज नाही.

पिन काढायची ती घणानं नाही. आर्म खाली उतरवून दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळ्यांवर टेकवा, पाइपांतला दाब सोडा, मग ज्या बाजूची पिन काढायची तिथं छोट्या जॅकनं आर्म मिलिमीटर-मिलिमीटर वर-खाली करून बघा. एक जागा अशी येते की पिनवरचा भार शून्य होतो आणि अडकलेली नसेल तर ती हातानं किंवा पाइप पान्यानं फिरते. ती जागा सापडली की निम्मं काम झालं. पिनचा लॉक बोल्ट किंवा पट्टी काढायला विसरू नका. सांगायला बरं वाटत नाही, पण लॉक बोल्ट आतच ठेवून घण मारणारे मी बघितलेत. अडकलेली पिन ठोकण्यापेक्षा ओढून काढावी. पिनच्या डोक्याला आटा असेल तर त्यात लांब आट्याचा दांडा घाला. नसेल आणि पिन टाकूनच द्यायची असेल तर डोक्यावर नट वेल्ड करा. बाहेरून जाड पाइपचा तुकडा, त्यावर जाड वॉशर, वरून नट. नट आवळत गेलं की पिन पाइपमध्ये सरकत येते. वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीची वायर काढा आणि अर्थचा क्लॅम्प त्याच पिनजवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून फिरून तिथं डाग पाडतो.

ठोकायचंच झालं तर मध्ये पितळी दांडा धरा. पिन वरून कडक केलेली असते, हातोडाही कडक. कडकावर कडक आपटलं की कपची गोळीसारखी उडते. माझ्याजवळ शिकायला असलेल्या एका पोराच्या भुवईखाली अशी कपची लागली. डोळा वाचला, पण ती गोष्ट मी विसरलेलो नाही, आणि तेव्हापासून माझ्याकडे चष्म्याशिवाय कोणी हातोडा उचलत नाही. गॅसनं सांधा तापवायचा असेल तर जवळचे होज पाइप आधी सोडवून बाजूला करा. सिलिंडरच्या टोकाला मात्र तापवूच नका, आतली सील जळते.

पिन बाहेर आली की व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, लावा. 30 मिलिमीटरच्या पिनला बुशमध्ये नवीन असताना पाव मिलिमीटरच्या आसपास मोकळीक ठेवतात. माझा हिशेब असा: अर्ध्या मिलिमीटरपर्यंत ग्रीस मारून निर्धास्त चालवा. एक मिलिमीटर झाली की हंगाम संपताच पिन-बुश दोन्ही करून घ्या. दीडच्या पुढं गेली तर काम थांबवा, कारण मग प्रत्येक झटक्याला पिन हातोड्यासारखी आपटते आणि झीज दुप्पट वेगानं वाढते. बुश एकीकडून पातळ झालाय का, तेही बोट घालून बघा.

टर्नरकडे, म्हणजे लेथवाल्याकडे, पिन बनवायला देताना फक्त माप सांगू नका. साध्या काळ्या बारची पिन दोन महिन्यांत खाल्ली जाते. ईएन 8 किंवा ईएन 19 स्टीलची घ्या आणि वरून इंडक्शन हार्डनिंग, म्हणजे विजेनं वरचा थर तापवून कडक करणं, करून मागा. जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत ही सोय करून मिळते. पिन हातात आली की कानशीच्या कोपऱ्यानं एक घास मारून बघा; कानस घसरली तर पिन कडक आहे, धरली आणि चुरा निघाला तर मऊ आहे. बुश पिनपेक्षा थोडा मऊच हवा, म्हणजे झिजायचं ते बुश झिजेल. बुश दाबून बसवला की आतून किंचित आवळतो, म्हणून बसवल्यावर पुन्हा माप घ्या. आतून ग्रीसची खाच असलेला बुश मिळाला तर तोच घ्या. आर्म आणि कान यांच्या मध्ये आडवी फट असेल तर ती वॉशर घालून भरा, नाहीतर बकेट एका कोपऱ्यावर आपटली की आर्म बाजूला रेटला जातो. आणि लॉक बोल्ट नवा, लॉक नटसकट. तो तुटला की पिन कानात फिरते, आणि मग टाका मारल्यानं होतं तेच नुकसान होतं.

रोजचं ग्रीसिंग. बकेट टेकवून मारलेलं ग्रीस सैल अंगानं सहज बाहेर येतं आणि बघणाऱ्याला वाटतं, झालं. ग्रीस सोपी वाट शोधतं, भाराच्या अंगाला आपणहून जात नाही. म्हणून मी अर्धं ग्रीस बकेट सपाट टेकवून मारतो. मग इंजिन सुरू करून बकेट खाली दाबतो, पुढची चाकं जेमतेम हलकी होतील इतकीच, म्हणजे पिनचा भार उलट्या अंगाला जातो. मग पुन्हा वर-खाली करून, टेकवून, बंद करून उरलेलं अर्धं. ग्रीस दोन्ही कडांनी यायला हवं. एकाच कडेनं येत असेल तर दुसरी कड चोंदलीय. हाताच्या गनचा एक पंप म्हणजे साधारण एक ग्रॅम; चालू सांध्याला तीन-चार पंप पुरतात. बाहेर आलेलं ग्रीस पुसून घ्या, फक्त कडेला पातळ कडं राहू द्या, ते धुळीला आत येऊ देत नाही.

जिनिंगवर कपाशी लोटायला ज्यांचे लोडर जातात त्यांनी तर पुसल्याशिवाय निघूच नये. ग्रीसला रुई चिकटते, तिचा बोळा होतो आणि सायलेन्सरजवळ असा ग्रीसचा बोळा म्हणजे पेटायला तयार वात.

बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत लोडरच्या सांध्यांना दर 10 तासांनी ग्रीस सांगितलेलं असतं, काहींत 50 तास. वाळू, मुरूम, शेणखत, चिखल यात काम असेल तर रोज सकाळी, एवढं लक्षात ठेवा. रोज संध्याकाळी काम संपल्यावर मारलं तर आणखी चांगलं. सांधा गरम असतो, ग्रीस सहज जातं, आणि रात्रीचं दव आत शिरत नाही. पाण्याच्या प्रेशरनं धुतल्यावर त्याच दिवशी ग्रीस मारा. दसऱ्याला धुऊन हार घातलेला ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी करकरतो, तो आत गेलेल्या पाण्यामुळं.

ग्रीस कोणतं, हे सगळेच विचारतात. डब्यावर लिथियम बेस आणि ईपी 2 लिहिलेलं बघा. ईपी म्हणजे जड दाबाखाली टिकणारं. आकडा घट्टपणाचा असतो, 2 मध्यम, 3 जरा घट्ट. मे महिन्याच्या उन्हात 3 ओघळत नाही हे खरं, पण डिसेंबरच्या थंडीत ते हाताच्या गननं अरुंद भोकातून जाता जात नाही. मी वर्षभर 2 वापरतो. मॉलिब्डेनम असलेलं, काळपट ग्रीस मिळालं तर लोडरच्या पिनांना ते सगळ्यांत चांगलं. ग्रीसचा थर तुटला तरी त्याची बारीक पूड लोखंडाला लोखंड लागू देत नाही. तेच ग्रीस चाकाच्या बेअरिंगला मात्र भरू नका. स्वस्त कॅल्शियमचं चेसिस ग्रीस पाण्यात टिकतं, पण 90-100 अंशांच्या आसपास पाघळतं. लिथियमचं 180 च्या पुढं जातं. एक प्रकार ठरवा आणि तोच ठेवा. काही ग्रीस एकमेकांत मिसळली की ताकासारखी फुटतात. जुन्या ट्रॅक्टरमध्ये आधी काय होतं ते कळत नसेल तर नवीन ग्रीस येईपर्यंत पंप मारत राहा आणि जुनं सगळं बाहेर काढा.

गनबद्दल एक गोष्ट मनावर घ्या. होज किंवा गनचा पाइप फुटून ग्रीस बोटाला लागलं आणि टोचल्यासारखं वाटलं, छोटंसं भोक दिसलं, तर ते किरकोळ समजू नका. दाबानं ग्रीस कातडीखाली पसरतं. दुखत नसलं तरी त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि ‘प्रेशरनं ग्रीस आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा. उशीर झाला तर बोट जातं.

लोडरच्या मागं लागून लोक पुढच्या अॅक्सलला विसरतात. बकेटचा सगळा भार शेवटी अॅक्सलच्या मधल्या सेंटर पिनवर आणि पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या दोन्ही किंग पिनांवर येतो. तिथं ग्रीस मारताना पुढचा भाग जॅकवर उचलून, खाली ठोकळा लावून, चाकं हवेत असताना मारा. चाक जमिनीवर असताना भाराची जागा दाबून बंद असते, ग्रीस तिथं जातच नाही. आणि मागं वजन लावल्याशिवाय भरलेली बकेट उचलू नका. मागं वजन नसेल तर मागची चाकं हलकी होतात आणि सगळं ओझं पुढच्या पिनांवर बसतं.

तुमच्यासारखाच जुना लोडर घ्यायला जो निघाला असेल, त्यानं तासांच्या मीटरवर भरवसा ठेवू नये. निप्पलांवर नवा रंग मारलेला असेल तर त्यांना बऱ्याच दिवसांत गन लागलेली नाही. बकेट जमिनीपासून वीतभर उचलायला सांगा, इंजिन बंद करवा आणि बाजूला उभं राहून बकेटचा कोपरा पायानं रेटा. कोपरा बोटभर हलला तर पिना, बुश आणि टर्नरचे पैसे किमतीतून कमी करून मागा.

आणि दादा, तुम्ही या आठवड्यात पहिल्यांदा चेसिसचे बोल्ट आवळा, मग तार घाला. बकेटच्या सिलिंडरचं निप्पल बहुतेक डिझेलनं सुटेल. मुळाच्या पिनला तार टक्कन वाजली तर घाई न करता पिन काढा. नवा बुश बसवाल तेव्हा निप्पलच्या भोकातून तार घालून ती बुशच्या आतल्या बाजूला बोटाला लागते का ते बघा, गननं थोडं ग्रीस बुशमध्ये उतरवून दाखवायला सांगा, आणि मगच पिन आत सरकवू द्या.